रो-हाउस, ट्विन बंगला की फ्लॅट? जळगावातील एका वसाहतीचे परीक्षण

जळगावात पिंप्राळ्याच्या पुढे उभ्या राहत असलेल्या एका वसाहतीत रो-हाउस (एका रांगेत भिंतीला भिंत लागून असलेली घरे), ट्विन बंगले (एक भिंत सामाईक असलेली बंगल्यांची जोडी) आणि चार मजली फ्लॅटची इमारत असे तिन्ही प्रकार एकाच आवारात विक्रीला आहेत. आईवडिलांसह कायम राहण्यासाठी घर घ्यायचे असल्याने आम्ही तिन्ही बारकाईने पाहिले. बिल्डरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे भुसावळपासून धुळ्यापर्यंत कुठल्याही वसाहतीला लागू पडतील.

नमुना घर सहसा संध्याकाळी दाखवले जाते. आम्ही मे महिन्यात भर दुपारी जाण्याचा आग्रह धरला आणि तो अतिशय उपयोगी ठरला. ज्या भागात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे घराच्या किती भिंती उन्हात आहेत आणि डोक्यावर उघडा स्लॅब आहे की वरचे बिऱ्हाड, यावर राहण्याचे सुख ठरते. ट्विन बंगल्याला तीन बाजू मोकळ्या असल्याने तो सर्वांत महाग आहे. पण ज्या बंगल्यांची लांब भिंत पश्चिमेला उघडी आहे, त्यांच्या त्या बाजूच्या खोलीत आतल्या गिलाव्यावर तळहात टेकवून ठेवणे कठीण जात होते. त्याच जोडीतील पूर्वेकडच्या बंगल्यात हा त्रास जवळजवळ नव्हता, कारण त्याची पश्चिमेची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे. किंमत मात्र दोन्हींची सारखीच.

रो-हाउसच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. येथील रांग पूर्व-पश्चिम आहे आणि दारे उत्तरेला आहेत, त्यामुळे मधल्या घराला दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची घरे आहेत आणि त्या बाजूंच्या सामाईक भिंतींना सकाळ-दुपारचे ऊन लागतच नाही. कोपऱ्याच्या घराला जास्तीच्या खिडक्या म्हणून जादा रक्कम मागितली जाते. पश्चिमेच्या कोपऱ्यासाठी ती मोजणे म्हणजे पैसे देऊन ऊन विकत घेणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधल्या घराची खरी अडचण हवेची आहे. खिडक्या फक्त पुढे आणि मागे येतात. कूलर चालायचा तर त्याला बाहेरची कोरडी हवा ओढता आली पाहिजे आणि आत आलेल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट हवी. या आराखड्यात वरच्या मजल्यावरील जिन्यालगतची खोली केवळ अरुंद डक्टकडे (भिंतींमधल्या उभ्या पोकळीकडे) उघडते; तिथे कूलर लावला तर खोली दमट होईल, गार होणार नाही. आधी पूर्ण झालेल्या रांगेत काही रहिवाशांनी मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकून स्वयंपाकघर वाढवले आहे, आणि त्यांच्याकडे वाऱ्याचा तो एकमेव मार्गही बंद झाला आहे. ती जागा मोकळी ठेवण्याची अट सर्वांच्या करारनाम्यात असायला हवी होती.

सामाईक भिंत नऊ इंची असल्याचे सांगण्यात आले आणि बांधकाम सुरू असलेल्या घरात ती तशी दिसलीही. परंतु दोन्ही घरांचे स्विचबोर्ड त्याच भिंतीत नेमके पाठीला पाठ लावून बसवले आहेत. खाचा पाडल्यामुळे तिथे भिंत अगदी पातळ राहते, आणि पलीकडच्या मिक्सरचा आवाज बोर्डाच्या चौकटीतून सरळ आत येतो. आम्ही हे दाखवताच तेथील इंजिनिअरने बोर्ड पुढे-मागे सरकवण्याचे मान्य केले. दुसरी गोष्ट पायाची. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून पाया मुरमापर्यंत गेला आहे का, हे प्रत्यक्ष खड्ड्यात पाहावे; दोन घरांच्या सांध्यावर उभी चीर दिसली तर केवळ पुट्टी भरून दिली जाणार नाही, एवढे पाहणे आवश्यक आहे.

फ्लॅटबद्दल थोडक्यात सांगता येईल. मधल्या मजल्यावरचा फ्लॅट दुपारी तिन्हींत सर्वांत गार होता आणि लिफ्टही आहे. ज्यांच्या घरात जिना चढू न शकणारी माणसे आहेत आणि रो-हाउसच्या तळमजल्यावर झोपण्याची खोली नाही, त्यांनी तोच घ्यावा. स्वतःची गच्ची मात्र मिळत नाही, आणि बिबड्या-कुरडयांची वाळवणे घालणाऱ्या, उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपणाऱ्या कुटुंबाला ही उणीव रोज जाणवेल.

कागदपत्रांत हा प्रकल्प समाधानकारक आहे. महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी असल्याने ताब्यानंतर 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून देणे बंधनकारक आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची नसते, आणि आपल्या गावांतील सुट्या ट्विन बंगल्यांच्या जोड्या बहुधा याच सवलतीत बसतात. तिथे खरेदीखतच वकिलाकडून वाचून घ्यावे: जमिनीचा उतारा स्वतंत्र आहे की अविभक्त हिस्सा, सामाईक भिंतीची दुरुस्ती कोणाकडे, आणि शेजाऱ्याने मजला चढवायचे ठरवले तर त्या भिंतीवर भार टाकण्याचा हक्क त्याला आहे का. बांधकाम चालू असताना घेतलेल्या घरावर जीएसटीही लागतो. आपल्या भागात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (घराच्या आतले वापरायचे क्षेत्रफळ) आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर 1 टक्का, अन्यथा 5 टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतल्यास तो लागत नाही.

आम्ही उत्तरेच्या दाराचे मधले रो-हाउस निश्चित केले आहे. जिन्यालगतच्या खोलीला जिन्यावरून उजेड-वारा देणारी झडप, स्लॅबवर चिनी मोझॅकचा (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा) पांढरा थर आणि मागची जागा न झाकण्याची अट, या तिन्ही गोष्टी करारनाम्यात लिहून घेतल्यावरच बुकिंगची रक्कम भरली. ट्विन बंगला घ्यायचाच असेल, तर जोडीतील पूर्वेकडचा मागावा.