सिव्हिलची डिग्री: आधी डिप्लोमा की सरळ बारावी?

दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात कुणी ना कुणी मुलाला घेऊन दारात येतंच. "काका, याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचंय. डिप्लोमाला घालू की बारावी सायन्स करू दे?" डिग्री हातात पडायला दोन्हीकडून सहाच वर्षं लागतात. बारावीची दोन आणि डिग्रीची चार, नाहीतर डिप्लोमाची तीन आणि पुढे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन. तेव्हा वेळेचा हिशेब सोडूनच द्या, पैशाचा बघा.

मी दहावीला बसलो 2001 साली. परीक्षेच्या जेमतेम दीड महिना आधी कच्छच्या भूकंपाने बडोदंही हललं होतं, आणि वडिलांचे मित्र म्हणत होते, आता बांधकामवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. सिव्हिल ठरलं, पण घरचा कल बारावीकडे. आतेभाऊ त्याच वाटेने गेला होता ना!

मला त्या वाटेवरून परत फिरवलं ट्यूशनने. एका क्लासात आठवडाभर डेमोला बसलो. पहाटे सहाची बॅच, एका बाकावर चौघं, शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे साइन आणि कॉस सारखेच दिसायचे. आठवड्याच्या शेवटी वडील फी विचारायला आले. दोन वर्षांची फी एकरकमी, आधी भरायची आणि मध्येच सोडलं तर परत नाही. पावतीचं विचारलं तर समोरचा नुसता हसला. वडील हाडाचे कारकून, पावतीशिवाय रुपया हलत नसे. सुरसागर तलावापर्यंत आम्ही न बोलता चालत आलो. तिथे ते एवढंच म्हणाले, "अजून कॉलेजची फी सुरूच व्हायची आहे."

मी डिप्लोमाला गेलो. फी किरकोळ होती. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका साइटवर बिनपगारी राबलो. काँक्रीट किती पातळ आहे ते तपासणाऱ्या स्लम्पच्या शंकूत काँक्रीट भरून प्रत्येक थराला सळईचे पंचवीस टोले मोजायचो, ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, म्हणजे क्यूबवर, खिळ्याने तारीख कोरून ते पाण्यात सोडायचो आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी काढायचो. आतेभाऊ तोवर डिग्रीच्या पहिल्या वर्षाला पोचला होता. ते वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच, त्यात सिव्हिल नावापुरतं. म्हणजे दहावीनंतर तीन वर्षं त्याने लेव्हलला, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राला, हात लावला नव्हता. सयाजीरावांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशाळा काढली तीही हाताला काम शिकवायलाच. आपले दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आतेभाऊ रागवेल. डिग्रीला गेल्यावर गणिताने माझी पार दमछाक केली. लाप्लास आणि फूरियेसमोर बारावीवाली मुलं निवांत, आणि मला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, नापास होऊन एटीकेटी. ज्याला गणितात खरोखर रस आहे किंवा ज्याच्या डोळ्यासमोर आयआयटी आहे, त्याने बारावीच करावी. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला आणि सरकारी इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला डिग्री लागते, ती दोघांनाही मिळतेच. फरक पडतो मध्येच घरची परिस्थिती बिघडली तर. डिप्लोमावाला स्टाफ सिलेक्शन कमिशन (एसएससी) किंवा रेल्वेच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला बसू शकतो. नुसत्या बारावीवर यातलं एकही दार उघडत नाही.

हल्ली गुजरातेत बारावीवाल्यांना गुजकेट ही प्रवेश परीक्षा असते, तशी डिप्लोमावाल्यांनाही डिग्रीसाठी डीडीसीईटी द्यावी लागते, त्यामुळे ती वाटही अगदी मोकळी राहिलेली नाही. ट्यूशनवाले तिथेही पोचतीलच म्हणा. पण खासगी कॉलेजात पैसे ओतण्याआधी घरच्या उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 6 लाख आहे. दहावीला 80 पर्सेंटाइल असतील तर डिप्लोमापासूनच कॉलेजची अर्धी ट्यूशन फी मिळू शकते, 25,000 रुपयांपर्यंत. मुलीसाठी एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वेगळी, वर्षाला 50,000 रुपये, तीही डिप्लोमा आणि डिग्री दोन्हींना. फॉर्म वेळेत भरायचा तेवढं बघा, कॉलेज आठवण करून देईलच असं नाही.

परवा आतेभावाचीच मुलगी आली होती. तिचं गणित उत्तम आहे, म्हणून मी काही बोललो नाही. रविवारी आमच्या साइटवर स्लॅब भरायचा आहे, तेवढा बघायला ये म्हटलंय.