रिंगबोल्ट हॉट स्प्रिंग (नकाशावर ॲरिझोना हॉट स्प्रिंग): नक्की जा, पण थंडीतच

वेगासला दीर राहतो म्हणून जानेवारीत आमची तिकडे चक्कर झाली, कॅसिनो आणि लायटिंग एका संध्याकाळी बघून झालं, पण दुसऱ्या दिवशी तो आम्हाला ज्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेला ती जागा अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहितेय. हूवर डॅमजवळचा मोठा पूल ओलांडून ॲरिझोनात शिरलं की यूएस ९३ हायवेवर चारेक मैलांत पार्किंग लागतं, तिथून पायी. व्हाइट रॉक कॅन्यन नावाची कोरडी घळ आहे, पायाखाली सगळी खडी आणि वाळू, दोन्ही बाजूंना काळपट ज्वालामुखीचा दगड, आणि सुमारे तीन मैल नुसतं उतरत जायचं ते थेट कोलोराडो नदीपर्यंत. जाताना एकदम सोपं वाटतं. येताना तीच खडी चढायची असते आणि पाय बोलायला लागतात, त्यामुळे पाणी भरपूर घ्या, आम्ही माणशी तीन लिटर घेतलं होतं आणि पार्किंगला परत येईपर्यंत घोटभरच उरलं.

नदीला पोचलात की डावीकडे वळून थोडं खडकांवरून जायचं आणि मग दुसऱ्या घळीत वर शिरायचं. आणि इथे पायाखालून वाहणारं पाणी कोमट लागतं! आजूबाजूला रखरखीत वाळवंट आणि बुटात गरम पाणी, मला तर खरंच वाटेना. पुढे एक धबधबा आणि त्याला लागून वीसेक फुटांची लोखंडी शिडी, चढताना अंगावर गरम पाणी पडत राहतं, पायऱ्या ओल्या असतात म्हणून हात घट्ट. वर गेलं की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील की काय इतकी अरुंद घळ आणि त्यात वाळूची पोती रचून अडवलेली कुंडं, एकाच्या वर एक. सगळ्यात वरचं सगळ्यात कडक, तिथे मी पाय घातला आणि लगेच काढला, खालच्यात मात्र तासभर बसलो. जमिनीत खोल तापलेलं पाणी दगडातल्या भेगांतून वर येतं, पंप नाही, पाइप नाही. नंतर नदीत हात घातला तर बर्फ, कारण ते पाणी हूवर डॅमच्या मागच्या तलावाच्या खोल थरातून सोडलेलं असतं.

आता नावाचं सांगते, कारण माझ्यासाठी अर्धी मजा त्यातच आहे. नकाशावर "ॲरिझोना हॉट स्प्रिंग" आहे, पण जुने लोक रिंगबोल्ट म्हणतात. रिंगबोल्ट म्हणजे दगडात ठोकलेली लोखंडी कडी. धरणाच्या आधी इथे नदीला जबरदस्त खळाळ होता आणि वर जाणाऱ्या वाफेच्या बोटींना तो स्वतःच्या ताकदीवर पार करता येत नव्हता. १८५८ मध्ये सरकारी मोहिमेची "एक्सप्लोरर" नावाची बोट ब्लॅक कॅन्यनच्या, म्हणजे नदीच्या इथल्याच खोल दरीच्या, तोंडाशीच खडकावर आपटली होती, म्हणजे विचार करा नदी काय असेल. मग १८६४ मध्ये मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वरच्या बाजूला कॉलव्हिल नावाचं बंदर वसवायला घेतलं, माल तर पोचवायचाच होता, म्हणून कॅन्यनच्या भिंतीत कड्या ठोकल्या. दोर कडीतून ओवायचा आणि बोटीवरच्या चक्रावर गुंडाळत गुंडाळत बोटीने स्वतःलाच वर ओढून न्यायचं. १८६६ मध्ये "एस्मेराल्डा" बोट अशी कॉलव्हिलपर्यंत पोचली. त्या खळाळाला रिंगबोल्ट रॅपिड्स नाव पडलं आणि शेजारच्या गरम झऱ्याला तेच चिकटलं.

पुढे १९३५ ला हूवर डॅम पूर्ण झाला, कॉलव्हिल त्या धरणाच्या तलावाच्या, म्हणजे लेक मीडच्या, पाण्याखाली गेलं, आणि १९५१ मध्ये खाली डेव्हिस डॅम झाल्यावर त्याचं पाणी मागे फुगत आलं तसा हा खळाळही बुडाला. आज तिथे नदी अगदी शांत दिसते, कयाकवाले आरामात जात असतात. म्हणजे खळाळ नाही, बंदर नाही, बोटी नाहीत, एवढ्या सगळ्याची आठवण फक्त एका गरम कुंडाच्या नावात उरलीये, आणि म्हणून मला "ॲरिझोना हॉट स्प्रिंग" हे नाव फार कोरडं वाटतं. राज्याचं नाव तर कशालाही देता येतं! डॅमच्या पायथ्यापासून राफ्ट टूर निघतात, त्यात खडकातली जुनी कडी दाखवतात, ती बघायला मी परत जाणार आहे.

बाकी कामाचं. ही जागा लेक मीड नॅशनल रिक्रिएशन एरियात येते, म्हणजे सरकारी जमीन, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात, कुंडापाशी कसलंही तिकीट नाही. १५ मे ते ३० सप्टेंबर ट्रेल बंद असतो आणि ते बरोबरच आहे, या घळींत उन्हाने माणसं गेलेली आहेत. दुसरं म्हणजे डोकं पाण्यात अजिबात बुडवू नका, अशा कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो, तो नाकातून मेंदूत जातो आणि मग वाचणं जवळपास अशक्य. पार्कवाल्यांनी तशी सूचना दिलेलीच आहे. दीर सारखं सांगत होता, "वहिनी, मान वर ठेवा, बाकी बिनधास्त बसा." लहान मुलं असतील तर मी खरंच नेणार नाही, शिडी वेगळी आणि पाण्यात उड्या मारायची त्यांची सवय वेगळी.

तक्रार एकच, शनिवार होता त्यामुळे गर्दी, आणि एक ग्रुप स्पीकर लावून बसला होता, त्या अरुंद घळीत आवाज इतका घुमतो की पाण्याचा खळखळाट ऐकूच येईना. कपाऱ्यांत बिअरचे कॅनपण दिसले, आम्ही चार उचलून बॅगेत टाकले. ते लोक गेल्यावर जी शांतता झाली त्यात वरून पडणाऱ्या एकेका धारेचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. शक्य असेल तर मधल्या वारी जा आणि सकाळी लवकर निघा.

आणि हो, थंडीत ॲरिझोनाचं घड्याळ नेवाडाच्या (म्हणजे वेगासच्या) एक तास पुढे असतं, मोबाइल मध्येच वेळ बदलतो. अंधार पडायच्या आत वर यायचं असेल तर हातातल्या घड्याळावर चाला.