जनरेटर गरम झालाच नव्हता, आमचे 48,800 मात्र गेले

सोसायटीत डीजी सेट (डिझेल जनरेटर) असेल आणि तो 'हाय वॉटर टेंपरेचर' दाखवून बंद पडत असेल, तर नेटवर नंबर शोधून कुणालाही बोलवू नका. आम्ही बोलावला. इंजिनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

धायरीत आमची आठ मजली बिल्डिंग. पुण्यात गुरुवारी लाइट जाते हे काय वेगळं सांगायला नको, त्यात लिफ्ट बंद, वरच्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायचं कसं, आणि ग्रुपवर लोक सेक्रेटरी म्हणून मलाच धुतायत. एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, संपलेली (रिन्यूअल कमिटीनंच अडवलं होतं, पण ते आता कुणाला आठवणार). कंपनीच्या नावाखाली पहिला दिसला तो नंबर लावला. माणूस कंपनीची टोपी घालून आला. व्हिजिटचे 1,500. मग म्हणे हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) आणि वॉटर पंप गेलाय, त्याचा ॲडव्हान्स 32,000. हेड फेसिंगचे, म्हणजे हेड घासून सपाट करायचे, 9,500. थर्मोस्टॅट आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) 5,800. सगळं यूपीआयवर, भलत्याच कुणाच्या तरी पर्सनल खात्यात. बिल 'ऑफिसमधून मेल होईल', ते अजून होतंय.

आता डोक्यातून जात नाही ती गोष्ट. तो आला सकाळी, सेट रात्रभर बंद होता. त्यानं नुसती चावी फिरवली, इंजिन स्टार्टही नाही, आणि पॅनलवर 120 डिग्री! मी स्वतः ब्लॉकला हात लावला, गारेगार. गार इंजिन 120 दाखवतंय म्हणजे सेन्सर नाहीतर वायर गंडलीये, अजून काय असणार? त्यानं डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसली तेव्हा आमचे वॉचमन मामा बोलले पण, "साहेब, ऑइल काळंच आहे की, पाणी शिरलं असतं तर दुधाळ झालं असतं." त्यांनी गावाकडं ट्रॅक्टर चालवलेत. पण मी बँकेत कारकुनी करणारा माणूस, टोपीवाला समोर उभा असताना वॉचमनचं कोण ऐकतं? तुम्ही ऐकलं असतं?

कॅनॉपीची (सेटवरच्या पेटीची) दारं लावून त्यानं ठोकाठोक केली, पोत्यात काहीतरी गुंडाळून 'फेसिंगला' नेलं, आणलं. नंतर सेट चालवला, रीडिंग 74. आम्ही खूश. पुढच्या गुरुवारी स्टार्ट केल्या केल्या 74, तासाभरानं पण 74. तेव्हा कुठं ट्यूब पेटली. भोसरीचा ओळखीचा मेकॅनिक आणला, त्यानं सेन्सरची वायर धरून दाखवली: सेन्सरची जोडणी काढून टाकलेली, त्याच्या जागी एक बारका रेझिस्टर, म्हणजे पॅनलला कायम एकच आकडा दाखवायला लावणारा बारका पार्ट, वर काळी टेप. मूळ वायर ब्रॅकेटला घासून सोललेली, बॉडीला टेकत होती, बास एवढाच फॉल्ट. हेडच्या बोल्टवरचा कंपनीचा रंगसुद्धा तुटलेला नव्हता! नवी वायर, सेन्सर परत जोडणं आणि मजुरी मिळून 600 रुपये. आणि त्या रेझिस्टरमुळं खरंच कूलंट गळलं असतं तरी सेट ट्रिप झाला नसता, म्हणजे आपोआप बंद पडला नसता, इंजिन जाम होईपर्यंत 74च.

चौकीत गेलो तर, "काम केलंय ना त्यानं? मग सिव्हिल मॅटर आहे." म्हटलं साहेब, कामच केलेलं नाही. "यूपीआयनं दिलेत ना, सायबरला जा." सायबरला गेलो तर, "तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी कुठं गेलाय, चौकीत जा." परत चौकी, आता साहेब बंदोबस्तात. रेझिस्टर पिशवीत घालून नेला होता, कुणी बघितला पण नाही. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र तोंड वाकडं, जणू चोरी मीच केलीये. कंपनी म्हणते आमचा माणूस नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, खरंय, पण समोरच्याचा पत्ता टाकायचा कुठला, टोपीचा?

सेटवरच्या स्टिकरवरचा किंवा मॅन्युअलमधलाच नंबर लावा. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे नाहीत, कंपनीच्या खात्यातच टाका, जीएसटी बिल जागेवर. मेकॅनिक बोलवायच्या आधी इंजिन गार असताना कूलंट, फॅन बेल्ट, रेडिएटरच्या जाळीतला कचरा बघा, कॅनॉपीच्या हवेच्या खिडक्यांना कुणी सामान लावून ठेवलंय का तेही. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, भाजाल. पैसे गेलेच तर त्याच दिवशी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, मी उशीर केला कारण मेलची वाट बघत बसलो.

तो नंबर आता बंद आहे, पण माणूस धंद्यात असणारच. सिंहगड रोड, नऱ्हे, वडगाव भागात कुणाकडं असा टोपीवाला येऊन गेला असेल, तर येत्या गुरुवारच्या आत सेन्सरवरची टेप सोडवून बघा.