सिलिंडर सोडून पाइप गॅस: सहा महिन्यांनंतर, मुख्यतः शेगडीच्या सिमबद्दल

आमच्याकडे पाइप गॅस मे २०२५ मध्ये चालू झाला. संपत नाही, नंबर लावावा लागत नाही, ओट्याखालची जागा मोकळी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पुन्हा लिहीत नाही. मला सिमबद्दल, म्हणजे बर्नरच्या सगळ्यात बारीक जाळाबद्दल बोलायचंय.

लहान बर्नर सिमवर ठेवला की विझायचा. फटकन नाही. आधी निळ्या ठिपक्यांची नुसती माळ उरायची, मग एका बाजूचे ठिपके जायचे, आणि खिडकीतून जरा वारा आला की उरलेले. आमच्या घरात सगळं सिमवर चालतं. दूध सिमवर, आमटी सिमवर, आईचा सकाळचा काढा तर अर्धा तास सिमवर. दिवसातून तीनदा "अहो, गेला परत!" ऐकायचं आणि उठायचं. आणि हा नुसता त्रास नाही. जाळ विझला तरी कॉक उघडाच असतो, गॅस येतच राहतो. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर चढतो. सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून आता स्वयंपाकघराच्या खिडकीची वरची झडप मी पावसातही बंद करू देत नाही.

आता मुळात सिलिंडर का सोडला ते सांगतो, कारण हिशेब तिथूनच चुकला. मेहुणा बोरिवलीला राहतो. त्यांच्या उपनगरात २००९ पासून विजेची कंपनी बदलता येते, तारा त्याच राहतात, बिल दुसरीचं येतं. दर सणाला तो कोणती कंपनी किती पैशांनी स्वस्त ते सांगतो आणि मी ऐकून घेतो. आम्ही ठाण्यात नौपाड्यातले, आमच्या दारात महावितरण, विषय संपला. २०२२ मध्ये एका खासगी कंपनीने ठाणे, नवी मुंबई, मुलुंड, भांडुपसाठी समांतर परवाना, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज पुरवायचा परवाना मागितला, जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध संप केला, इतकंच माझ्या लक्षात आहे. माझ्या बिलावर अजून तेच नाव आहे. म्हटलं, वीज नाही तर नाही, गॅस तरी बदलू.

सिलिंडरची माझी वही आहे. लावल्याची तारीख, संपल्याची तारीख. सरासरी ३८ दिवस. सिलिंडर २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैसे होता. त्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायचे ३० रुपये, जे पावतीवर कधीच नसतात. म्हणजे रोजचे २३ रुपये २२ पैसे. पाइप गॅसचा दर तेव्हा युनिटला, म्हणजे घनमीटरला, ४९ रुपये होता. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता, तेवढी पाइप गॅसच्या साधारण १७ ते १८ युनिटांत मिळते. १७.५ धरा आणि ४९ ने गुणा: ८५७ रुपये. नीट बघा. सिलिंडर ८५२, हा ८५७. वाचतात ते वर चढवायचे ३० रुपये, तेही पूर्ण नाहीत. हा गुणाकार मी कनेक्शन घ्यायच्या आधी करायला हवा होता. केला पहिलं बिल आल्यावर.

कारण पहिलं बिल आलं १,६१७ चं. साठ दिवसांत ३३ युनिट. वहीप्रमाणे त्याच साठ दिवसांचा सिलिंडरचा खर्च १,३९३. पैसे वाचवायला गेलो आणि २२४ रुपये जास्त भरले! मीटर ओट्याच्या वर, पिठाच्या डब्यामागे आहे. तेव्हापासून रोज रात्री डबा सरकवून आकडा टिपायला लागलो, लाल आकड्यांसकट. हिला वाटलं, हे आता कायमचं.

त्याच सुमारास आई म्हणाली, "पातेली बुडाला काळी पडायला लागलीत, चूल पेटवलीय की काय?" बघितलं तर मोठ्या बर्नरचा जाळ टोकाला पिवळा. इथपर्यंत माझं मत असं होतं की पाइपच्या गॅसलाच दम नाही. तसं चार जणांना सांगूनही झालं होतं. ते मागे घेतो.

जांभळी नाक्याजवळ एक जुना शेगडी दुरुस्तीवाला बसतो. त्याच्याकडे शेगडी स्कूटरवर ठेवून नेली, तर म्हणाला, "शेगडी आणून काय उपयोग? तुमचा गॅस माझ्याकडे येणार आहे का? मी घरी येतो." आला. मोठ्या बर्नरचा जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून गॅस सुटतो तो तुकडा, काढला, उजेडाकडे धरला आणि मलाही बघायला लावलं. पितळेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, मधलं भोक चक्क वाकडं.

"हे कुणी पाडलं?" त्याने विचारलं.

जोडणीच्या दिवशी कंत्राटदाराकडून आलेल्या मुलाने. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ ने. दाब कमी, म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. त्याला नवा जेट बसवायला हवा होता. त्याने जुनाच ड्रिलने मोठा केला, गरजेपेक्षा जास्त, आणि दहा मिनिटांत सही घेऊन गेला. मग गॅस जास्त, हवा कमी: जाळ पिवळा, पातेलं काळं, मीटर पळतोय. आणि सिम का विझायचा? नॉबच्या आत एक बारीक स्क्रू असतो, सिमला किती गॅस सुटायचा ते तो ठरवतो. त्याला कुणी हातच लावला नव्हता. तो सिलिंडरच्या दाबालाच लावलेला होता.

दोन नवे जेट ५० रुपये, मजुरी २५०. नॉब ओढून काढले, पेचकस आत घालून स्क्रू पाव फेरा, थोडा अजून. मग जोडांना साबणाचा फेस लावला आणि बुडबुडा येतो का ते सगळे वाकून बघत बसलो. नाही आला. लहान बर्नर सिमवर ठेवला. ठिपक्यांची माळ पूर्ण गोल, एकही ठिपका कमी नाही. मी पंखा लावून बघितला. टिकला. खोटं कशाला सांगू, पंधरा मिनिटं मी तिथेच स्टूल घेऊन बसलो होतो.

पुढचं बिल २७ युनिट, १,३२३ रुपये. सिलिंडरपेक्षा ७० रुपये कमी. दिवाळीचं बिल मी हिशेबात धरत नाही, चकली तळताना मीटरकडे बघू नये. पण वर्षाची सहा बिलं धरली तर पाच वेळा ७० म्हणजे ३५० वाचले, पहिल्या बिलात २२४ गेले, दुरुस्तीला ३००. पहिल्या वर्षी १७४ रुपये तोटा. दुसऱ्या वर्षापासून ४२० फायदा, तोही दर हेच राहिले तर. अनामत परत मिळणारी आहे म्हणून धरलेली नाही. ही म्हणते, तिचं व्याज धरा. नाही धरत.

जुलैत रस्ता खोदताना कुणीतरी पाइप तोडला आणि अख्खा दिवस गॅस नव्हता. शेजाऱ्यांकडून इंडक्शन आणून भात केला. सिलिंडरच्या दोन्ही बाटल्या तोपर्यंत परत गेल्या होत्या. २०१६ साली भरलेले बाटलीमागे १,४५० आणि रेग्युलेटरचे १५० तेवढेच परत मिळाले. २०२२ मध्ये नव्या बाटलीचीच अनामत २,२०० झाली, त्यामुळे परतीचा रस्ता महाग झालाय.

आणि हे अगदी लिहिता लिहिता लक्षात आलं: मोठ्या बर्नरची सिम आता जरा जास्तच मोठी आहे. कुकरची शिट्टी झाल्यावर सिम केलं तरी तो चौथी शिट्टी देतो. शनिवारी जांभळी नाक्याला जाणार आहे. पाव फेऱ्याचे पुन्हा २५० मागितले तर पेचकस घरात आहे, पण ही हात लावू देत नाही.