१५ किलोची बेदाण्याची खोकी: हंगाम संपल्यावर पुरवठादाराबद्दल

पाच प्लायच्या, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल सांगली-तासगावात नव्याने सांगण्यासारखं काही नाही. हा अनुभव खोक्याचा कमी आणि ती पुरवणाऱ्याचा जास्त. कुपवाड एमआयडीसीतला आहे, नाव देत नाही. फेब्रुवारी ते मे माल त्याच्याकडून घेतला. कोल्ड स्टोरेजमध्ये एक थप्पी बसली, खालच्या खोक्यांचे कोपरे दबले आणि पोटं फुगली, म्हणून हे लिहायला घेतलं.

चांगलं आधी सांगतो. छपाई स्वच्छ, मापं बरोबर, फोन उचलतो. जवळ असल्यामुळे भाडं वाचतं.

आता वजन. ऑर्डर होती तिन्ही लायनर (सपाट थर) १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम, दोन्ही फ्लूट (मधले नागमोडी थर) १२० जीएसएम, सगळा कागद १८ बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद दाबाने फुटायला किती टिकतो त्याचं माप). फ्लूटची नागमोड धरली की १२० चे साधारण १६८ होतात. म्हणजे ५४० अधिक ३३६, एकूण ८७६, वर थोडा गोंद. हे तपासायला लॅब लागत नाही. खोक्याच्या सपाट भागातून १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापायचा, सोनाराच्या काट्यावर ठेवायचा, आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणायचं. ८.७६ च्या खाली यायलाच नको. आलं ८.१६. चौरस मीटरमागं ६० ग्रॅम कागद गायब! खोक्याला ०.७ चौरस मीटर पत्रा (तयार पुठ्ठा) आणि कागद ४० रुपये किलो धरला तर खोक्यामागं पावणेदोन रुपयांच्या आसपास जातात. ५,००० खोक्यांवर आठ हजारांच्या वर. दरात चार आणे कमी करून घ्यायला तासभर घासाघीस करायची आणि इथं पावणेदोन रुपये मुकाट्याने सोडायचे, हे पटत नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. गाडीतून उतरताच काटा केला तर वजन जवळजवळ बरोबर भरतं. ताज्या पत्र्यात गोंदाचं पाणी असतं. ओलावा ७ ते ९ टक्के हवा. तो १३ पर्यंत असला तर ४०-४५ जीएसएम नुसतं पाणीच विकत घेतलं जातं. म्हणून तुकडे निदान एक दिवस कोरड्या सावलीत ठेवून मग तोलावेत, आणि गठ्ठा वरचा नको, मधला आणि तळाचा घ्यावा. कुठल्या थरात मारलंय ते बघायचं असेल तर तुकडा पाण्यात भिजवायचा. स्टार्चचा गोंद सुटतो, पाचही थर वेगळे होतात. वाळवून एकेक तोला: लायनर १.८ ग्रॅम, फ्लूट १.६८. बाहेरचा लायनर सहसा बरोबर असतो, कारण तो दिसतो. हात मारलेला असतो मधल्या लायनरवर नाहीतर फ्लूटवर.

एवढं लिहून झाल्यावर मत थोडं बदलावं लागतंय. पुरवठादार स्वतः येऊन थप्पी बघून गेला आणि त्याचं एक म्हणणं खरं निघालं. कोल्ड स्टोरेजच्या हमालांनी खोकी विटांसारखी सांधे चुकवून रचली होती. खोक्याचा भार कोपऱ्यांवर असतो. कोपऱ्यावर कोपरा नसला की ताकद निम्म्यावर येऊ शकते. आठ थरांच्या थप्पीत तळाच्या खोक्यावर सुमारे १०८ किलो असतात. दमट थंडीत महिनोन्महिने टिकायचं तर खोक्याची दाब-क्षमता त्याच्या तिप्पट-चौपट हवी. थप्पी बसली त्याचं सगळं खापर त्याच्या माथी मारता येणार नाही. वजन मात्र कमी होतं ते होतंच.

भांडण कसं करायचं, तर लेखी. फोनवरची बाचाबाची धरली जात नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा त्याच्या बाजूने आहे: लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. नुसतं बिल अडवून बसणं म्हणूनच महागात पडतं. त्याच कायद्यात खरेदीदारासाठीही वाट आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर मुदत हरकत दूर झाल्यापासून मोजली जाते. पत्रात चलन क्रमांक, नगसंख्या, काट्याचा फोटो आणि काय हवंय ते स्पष्ट लिहावं: बदली, की वजनाच्या प्रमाणात दरकपात. हरकतीचा माल बाजूला ठेवायचा. त्यात बेदाणा भरला की माल पसंत केल्यासारखंच झालं.

आमच्याकडे पत्रानंतर चार दिवसांत क्रेडिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद) आली. आधी हाच माणूस 'बघू की, हंगाम होऊ दे' म्हणत होता.

उशीर हा दुसरा वैताग. मार्चमध्ये सगळ्यांचा बेदाणा एकदम येतो, तेव्हा ओळखीवर गाडी मिळत नाही. ऑर्डरवर 'पाच प्लाय, १५ किलो' एवढंच लिहू नये. आतली मापं मिलिमीटरमध्ये, प्रत्येक थराचा जीएसएम आणि बीएफ, कोरड्या रिकाम्या खोक्याचं वजन अधिक-उणे ५ टक्के, लॉटवार तारखा आणि उशिराची दररोजची कपात, एवढं हवंच. ॲडव्हान्स फक्त पहिल्या लॉटचा. पुढचा आधीचा लॉट तोलून झाल्यावर.

छपाईच्या स्टिरिओचे (खोक्यावर छापायच्या ठशाचे) पैसे आपण दिले असतील तर तो आपला, असं बिलावर लिहून घ्या. नाहीतर दुसरीकडे जायची वेळ आली की तो सापडत नाही.

पाचपैकी तीन. वजन सुधारलं म्हणून अर्धा वाढवला, मार्चमधल्या खोळंब्यासाठी तो परत काढला. पुढच्या हंगामात ७० टक्के माल याच्याकडून, ३० टक्के इचलकरंजीहून, आणि दोन्ही ऑर्डरी डिसेंबरातच.