साडेसहा हजारांची ‘मायक्रोआरएनए कॅन्सर तपासणी’: अमळनेरच्या लॅबवालीचा अनुभव

मी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) केलेली, अमळनेरला छोटी लॅब चालवते. माझे मोठे भाऊ, अण्णा, पारोळ्याकडे शेती करतात. मोबाईलवर जाहिरात बघून त्यांनी घरी येऊन रक्त नेणारी आणि त्यातले मायक्रोआरएनए मोजून कॅन्सरचा धोका सांगणारी ही तपासणी परस्पर बुक केली आणि त्या दिवशी मी नेमकी तिथेच होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. असली पॅकेजं आता बरेच जण विकतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू आहे.

बुकिंग सोपं. मुलगा वेळेवर आला, बोलायला नम्र. पण रक्त काढताना त्याने सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला आणि सुई न काढताच ते रक्त दाबून जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये सोडलं. असं केलं की तांबड्या पेशी फुटतात. पुढे ट्यूब थर्माकोलच्या डब्यात गेली. मे महिन्यातली भर दुपार, डब्यातल्या आइसपॅकचं पाणी झालेलं. प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव) वेगळा कधी करणार, विचारलं. ‘मुंबईला गेल्यावर, मॅडम.’

कुणाला वाटेल, एवढ्या तेवढ्यावरून काय? साध्या सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, कदाचित चाललं असतं. इथे अजिबात चालत नाही, आणि का ते समजायला मायक्रोआरएनए काय करतो ते बघावं लागेल.

हा जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए, म्हणजे डीएनएसारखीच रासायनिक अक्षरांची साखळी. स्वतः प्रथिन बनवत नाही. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला चिकटतो आणि ते काम थोपवतो. पेशीच्या हातातला कासराच म्हणा. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये तो एका इवल्याशा कृमीत दाखवला, २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. कॅन्सरशी नातं २००२ मध्ये उघड झालं. कार्लो क्रोचे यांच्या गटाला सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांत मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए (‘मिर’ हे त्यांचंच लघुरूप) गायब किंवा कमी आढळले. हे दोघं बीसीएल-२ या प्रथिनाला आवरतात. ते गेले की बीसीएल-२ वाढतं आणि मरायला हवी ती पेशी मरत नाही. उलट प्रकारही आहे. मिर-२१ कितीतरी गाठींत वाढलेला असतो आणि पीटीईएनसारख्या राखणदार जनुकाला दाबतो. २०१० मध्ये उंदरांत तो मुद्दाम वाढवला तर लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) झाला, बंद केला तर गाठ विरघळली. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणजे शास्त्र खरं आहे, शंभर टक्के खरं.

आता ट्यूबकडे या. सीएलएलच्या पेशींत जो मिर-१६ हरवतो, तोच तांबड्या पेशींत खच्चून भरलेला असतो, मिर-४५१ही तसाच. पेशी फुटल्या की हे सगळं प्लाझ्मात उतरतं आणि यंत्र तेच मोजतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी मिर-१६ हाच तुलनेचा आधार धरतात, म्हणजे आधारच हलला की बाकीचे आकडेही हलले. म्हणून चांगली लॅब आधी नमुना हिमोलाइज्ड, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेला, आहे का ते तपासते आणि रिपोर्टवर तसं लिहिते.

रिपोर्ट आला तो चार पानी, रंगीत. मीटरचं चित्र, काटा हिरव्यात, खाली ‘लो रिस्क’. कोणते मायक्रोआरएनए मोजले, कशाने मोजले, नमुना कसा पोहोचला, तोंडाच्या कॅन्सरसाठी ही तपासणी कुणावर पडताळली, यातलं एक अक्षर नाही. मेल केला तर ‘गोपनीय पद्धत’ एवढंच उत्तर.

माझा खरा राग पुढे आहे. अण्णा वर्षानुवर्षं तंबाखू-चुना खातात. तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं, डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. मी कधीपासून डॉक्टरकडे चला म्हणत होते. हिरवा काटा बघितल्यावर म्हणाले, ‘माले काय व्हयनं? रगतमा तं काहीच नही निंघनं.’ त्या कागदाने माझ्या भावाला घरी बसवलं. शेवटी वहिनी हट्टाला पेटली म्हणून गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल बाहेर ओढला, बोटाने चाचपला आणि त्याच भेटीत बायोप्सीचा तुकडा घेतला. डिस्प्लेशिया निघाला, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. आता उपचार सुरू आहेत.

मायक्रोआरएनएवर भरवसा ठेवू नका असं मी म्हणत नाही. पण मोठमोठ्या संशोधकांनाही इथे घाई नडली आहे. मिर-३४ वरचं औषध माणसांत द्यायला सुरुवात झाली होती. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. आणि इथे एका ट्यूबवर अख्ख्या शरीराची ग्वाही देतात!

घरपोच सेवेला पाचपैकी तीन तारे. तपासणीला एकही नाही. घ्यायचीच असेल तर आधी लेखी विचारा: प्लाझ्मा किती तासांत वेगळा करता, हिमोलिसिस तपासता का, कोणत्या कॅन्सरसाठी पडताळली आहे. आणि तोंडात चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर रक्त देत बसू नका. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे; तिथे केसपेपर काढून थेट तोंड दाखवा.