रंग बदललेली १९६४ ची घ्यावी की मूळ रंगातली १९६८ ची?

दोन फेंडर स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारी विकायला आहेत. एक १९६४ ची, पण कुणीतरी पुन्हा रंगवलेली. दुसरी १९६८ ची, रंगापासून स्क्रूपर्यंत मूळची. पुढेमागे विकायची वेळ आली तर कोणती बरी?

या दोघी एका तागडीत येतात तरी कशा? जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, आणि संग्राहकांनी त्याआधीच्या गिटारींना वेगळ्या पंगतीला बसवलं. मात्र रंग नवा चढला की किंमत साधारण निम्म्यावर येते. हा फटका आधीच्या मालकाने खाल्लेला असतो. रिफिनिशच्याच (पुन्हा रंगवलेल्या गिटारीच्या) भावाने घेतलीत तर तो तुम्हाला पुन्हा बसत नाही. १९६८ च्या गिटारचं उलट आहे. तिची किंमत कुणी हात न लावण्यात आहे. पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) बदलला की ती घसरलीच.

साल ठरवताना नेक-प्लेटवरच्या (गिटारीची मान बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरच्या) नंबरावर विसंबू नका. प्लेटा क्रमाने लागत नसत, शिवाय चार स्क्रू काढले की प्लेट बदलता येते. स्क्रू काढलेच आहेत तर नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक बघा. तिथे ‘२ मार्च ६४ बी’ असा शिक्का असेल. हा २ तारखेचा नव्हे, मॉडेलचा क्रमांक. आणि ‘बी’ म्हणजे दर्जा नव्हे, नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी. शिक्का नेक बनल्याचा, गिटार जुळवल्याचा नाही.

मग पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी उचला. पॉटच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर ‘१३७ ६६२५’ दिसलं तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, वर्ष १९६६, आठवडा पंचविसावा. १९६८ च्या गिटारमध्ये ६६ चा पॉट पाहून दचकू नका. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, तो पुढे काही वर्षं पुरला. पॉट गिटारीहून जुना चालतो, नवा चालत नाही. सोल्डर मात्र निरखून पाहा: जुनं मंद, राखाडी असतं; चकचकीत असेल तर कुणीतरी हात घातलाय. (खरखरतो म्हणून मी असा एक पॉट बदलला आणि जुना चक्क फेकून दिला. तो केसमध्ये जपायचा असतो, हे विकताना कळलं.)

१९६४ च्या बॉडीवर पिकगार्डखाली खिळ्यांची बारीक भोकं शोधा. रंग मारताना बॉडी त्या खिळ्यांवर टेकवत आणि खिळे नंतर काढत, म्हणून मूळ रंगात भोकाच्या आत कोरं लाकूड दिसतं. आत रंग उतरला असेल तर रिफिनिश. ‘रंग मूळचाच’ म्हणून पूर्ण भाव सांगणाऱ्याला हे भोक दाखवा.

माझा कौल: रोज वाजवणार असाल तर १९६४ ची. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) बदलताना जीव खालीवर होणार नाही. गिऱ्हाईक मात्र वाजवणाऱ्यांतच शोधावं लागेल. स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवायची तयारी असेल तरच १९६८ ची. संग्राहक तिच्याकडे लवकर वळतात. आणि नेक उघडून दाखवायला विकणारा कां-कू करत असेल, तर तिथून उठा.